खोलीभाड्याची अट आणि आईचा क्लेम (तातडीचे)

सप्रेम नमस्कार.
आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी दादरला आलो आहे, हे बैठकीत सांगितलेच होते. विमा ५ लाखांचा असून खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला त्याच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये आहे. आम्ही ८,००० ची खोली घेतली. चार दिवसांचे वरचे १२,००० आपल्या खिशातून जातील, एवढाच माझा हिशेब होता. प्रत्यक्षात सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) या साऱ्यांतून साडेसदतीस टक्के कापले आहेत. डिस्चार्ज उद्या आहे. हे नियमात बसते का?
– दादरहून

उत्तर:
बसते. महाग खोली घेतली की रुग्णालय इतर शुल्केही चढ्या दराने लावते, म्हणून खोलीभाड्याचा जितका भाग मर्यादेबाहेर (८,००० पैकी ३,०००), त्याच प्रमाणात त्यांतूनही कपात होते. पॉलिसीची पुस्तिका वाचा, असे मी दरवर्षी सांगत आलो आहे.
– माजी खजिनदार

उत्तर:
खजिनदारसाहेबांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. विमा नियामकाच्या २०२० च्या सूचनांनुसार औषधे, कन्झ्युमेबल्स (हातमोजे, सिरिंज अशा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांवर अशी कपात करता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या शुल्कावरही नाही; आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही, तिथे ती मुळातच लागू होत नाही. तेव्हा आजच बिलिंग काउंटरवरून तपशीलवार बिल आणि दरपत्रक घ्या. डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तासांहून अधिक वेळ लागल्यास, त्यापायी रुग्णालयाने लावलेली वाढीव रक्कम २०२४ पासून विमा कंपनीने भरायची असते.
– मुलुंडहून

उत्तर:
पुस्तिकेवरून आठवले. हिंदमाताला पाण्यात बंद पडलेली गाडी मी पुन्हा सुरू करू पाहिली आणि इंजिन गेले. पुराचे नुकसान विम्यात होते. इंजिनासाठी मात्र वेगळे पूरक संरक्षण लागते, हे मला गॅरेजवाल्याने सांगितले.
– परळहून

उत्तर:
पाण्यात गाडी सुरू करू नये, हे सांगायला पुस्तिका लागत नाही. विम्याविषयीची पत्रे माझ्याकडून तपासून घेऊन मगच सर्वांना पाठवावीत, ही पद्धत आजही मोडलेली नाही.
– माजी खजिनदार

उत्तर:
मुलुंडकरांचे आभार. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर दीड तास उभा राहिलो. इम्प्लांटवरील कपात मागे घेतली. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहाची कायम राहिली, कारण दरपत्रकात त्यांचे दर खोलीनुसार वेगळे छापलेले आहेत. गुडघा विम्यात बसतो, मग त्यावर चालायला लागणारा वॉकर का बसत नाही, असे आई विचारते आहे.
– दादरहून