क्रिप्टोच्या नावाखाली फसवणूक : कोकणातले अनुभव इथे सांगा

आंब्याचे पैसे हातात आले की आमच्याकडे असल्या स्कीमा फिरायला लागतात, आणि वाईट म्हणजे लिंक पाठवणारा बऱ्याचदा भावकीतलाच असतो, म्हणून नाही म्हणायला जड जातं. गेनबिटकॉइन आठवतंय ना, ती बिटकॉइनची स्कीम, महिन्याला 10 टक्के परतावा, 18 महिने? 2018 ला पुणे पोलिसांनी सूत्रधाराला धरलं तोवर देशभर लोक अडकले होते. तुमच्या गावात काय घडलं ते लिहा, कुणाचं नाव नको.
– रत्नागिरी

आमच्या शेजारच्या काकांनी बोटीच्या इंजिनासाठी पैसे साठवलेले. टेलिग्रामच्या ग्रुपवरून अ‍ॅप मिळालं, प्ले स्टोअरवर नव्हतंच, लिंकवरून टाकायला लावलं. सुरुवातीला थोडे पैसे खरंच बँकेत आले आणि तिथेच विश्वास बसला, मग स्क्रीनवर आकडा रोज वाढतोय म्हणून काका अजून भरत गेले. काढायला गेले तर "आधी 30 टक्के टॅक्स भरा". मी बाजूला बसून यूपीआयची हिस्ट्री बघितली तर दरवेळी वेगळं नाव, एकदा मोबाईल शॉप, एकदा कुणी बाई, एकदा ट्रेडर्स. कंपनी एक आणि पैसे घेणारे इतके? तो टॅक्स मी भरू दिला नाही. काकी ग्रुपवाल्याला फोनवर एवढंच म्हणाली, "आदी पैशे काढून दाखव, मगे बोल." त्यानंतर फोन बंद.
– मालवण

मी टॅक्सचं काम करतो म्हणून वरच्यात भर घालतो. 30 टक्के कर खरा आहे, 1 एप्रिल 2022 पासून, पण तो नफ्यावर, आणि आपण इन्कम टॅक्सला भरायचा, अ‍ॅपवाल्याला नाही. 1 टक्का टीडीएस जुलै 2022 पासून आहे, तो विकताना रकमेतून कापला जातो, वर वेगळे पैसे पाठवायला कोणी सांगत नाही. खरा नियम घेऊन त्याच्यावर खोटं रचतात, म्हणून शिकलेली माणसंपण फसतात. एक्सचेंजची, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपची, केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आहे का तेही बघा, पण नोंदणी आहे म्हणजे पैसे सुरक्षित असं समजू नका.
– चिपळूण

वहिनीला फेसबुकवर परदेशातला "डॉक्टर" भेटला, बरेच दिवस गोड बोलला, मग यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो कॉइन) घे म्हणाला. व्हिडिओ कॉल कर म्हटल्यावर दरवेळी नेटवर्क नाही. तिने तिथेच ब्लॉक केला, बरं झालं.
– देवगड

क्रिप्टो वॉलेटची किल्ली असलेले 12 किंवा 24 शब्द कस्टमर केअर कधीच मागत नाही. शब्द दिलेत की वॉलेट त्याचं झालं, आणि गेलेलं कॉइन परत फिरवता येत नाही.
– वेंगुर्ला

आमच्या मामाने लाजेपायी कुणाला सांगितलंन नाही, आणि त्यात वेळ गेला. पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तर ते पुढे सरकायच्या आत समोरच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, त्यामुळे कुणाच्या घरी झालं तर आधी तो फोन लावा, रागवायचं ते नंतर. नंतर एकाने "सायबर सेलमधून बोलतोय, पैसे परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा" म्हणून मामाला फोन केलान. ती फी भरली नाही, तो नंबरपण तक्रारीत घातलाय.
– गुहागर