बॅक दाबलं आणि फॉर्म पुन्हा गेला : अनुभव आणि उपाय

मुळाक्षर
अकरावी प्रवेशाचे दिवस आले की ‘कन्फर्म फॉर्म रिसबमिशन’ ही पाटी आठवतेच. तिचा अर्थ एवढाच, की समोरचं पान ‘पोस्ट’ने (माहिती सर्व्हरला पाठवणाऱ्या रिक्वेस्टने) आलंय आणि ते पुन्हा दाखवायचं तर भरलेली माहिती सर्व्हरकडे परत पाठवावी लागेल. फी भरायचा फॉर्म असेल तर पुढे जाऊ नका. ‘माझे अर्ज’मध्ये क्रमांक आलाय का ते आधी बघा. भरणारे आणि बनवणारे, दोघांनीही लिहा.

कुर्लाकर
बनवणाऱ्यांसाठी: नोंद झाली की तिथल्या तिथे ‘धन्यवाद’चं पान छापू नका. ३०३ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ असं ब्राउझरला सांगणारा सर्व्हरचा कोड) देऊन पावतीच्या पत्त्यावर पाठवा. मग कितीही रिफ्रेश करा, पावतीच परत येते. ३०२ वरही ब्राउझर ‘गेट’च (नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट) करतात. ३०७ मात्र इथे नको, त्यात पोस्ट जसंच्या तसं पुढे जातं.

गिरगावची माई
+१. पण त्याने डबल क्लिक थांबत नाही हो. फॉर्म उघडतानाच लपलेल्या रकान्यात टोकन (त्या फॉर्मपुरता वेगळा क्रमांक) द्या आणि डेटाबेसच्या टेबलात त्या कॉलमला युनिक करा, म्हणजे तोच क्रमांक दोनदा बसणार नाही. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असं कोडमध्ये लिहून भागत नाही, दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की दोन्ही निसटतात. तेच टोकन परत आलं तर एरर नको, पहिली पावती दाखवा. माणूस आधीच घाबरलेला असतो.
कुकर झाला, येते.

वरणभात
माई, एक खाच आहे. बॅक जाऊन त्याच फॉर्ममध्ये धाकट्याची माहिती भरली तर टोकन जुनंच जातं आणि दुसरा अर्ज गिळला जातो. टोकन तेच पण मजकूर वेगळा असेल तर विचारा, ‘हा नवा अर्ज आहे का?’

चाळ नं ७
सबमिटनंतर बटण बंद करता ना? बॅक आल्यावर ब्राउझर पान मेमरीतून जसंच्या तसं उचलतो, बटण मेलेलंच राहतं. ‘पेजशो’ (पान दिसताना होणाऱ्या) इव्हेंटमध्ये ‘पर्सिस्टेड’ खरं आलं, म्हणजे पान मेमरीतून आलं, की ते चालू करा. ‘लोड’ इव्हेंट अशा वेळी पुन्हा चालत नाही, तिथेच सगळे फसतात.

दिवा लोकल
मेल-एक्स्प्रेसने जाताना पारसिक बोगद्याआधी सबमिट दाबू नये, बास.

कुर्लाकर
@दिवा, अगदी! रेंज गेली तरी अर्ज पोचलेला असू शकतो, नुसतं उत्तर परत आलेलं नसतं. म्हणून तर टोकन.

सायली_ठाणे
यूपीआयने पैसे कापले, पावती नाही, तर काय? बॅक दाबून परत भरायचे?

मुळाक्षर
नाही ताई! यूपीआय ॲपमधला १२ आकडी संदर्भ क्रमांक जपून ठेवा. दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे.

सायली_ठाणे
१०० रुपये!! हे माहीतच नव्हतं. थांबते मग.

गिरगावची माई
आले. लांबलचक फॉर्म असेल तर मसुदा सेशन स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या त्या टॅबपुरत्या साठ्यात) ठेवा, टॅब बंद केली की जातो. आधार आणि ओटीपी तिथेही नको. सायबर कॅफेत पुढचा गिऱ्हाईक त्याच टॅबवर बसतो.

वरणभात
माई, कुकरमध्ये काय होतं?

गिरगावची माई
वालाची खिचडी. ये.