मदत हवी आहे: पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळतंय

ओहायोकर:
पिकअपचं मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) गळतंय. आज सकाळी ड्राइव्हवेवर तळहाताएवढा डाग दिसला. शनिवारी मुलाचं सामान ट्रेलरमध्ये घालून कॉलेजला पोचवायचंय. गॅरेजवाल्याने गाडी न बघताच ६०० डॉलर सांगितले. बाहेरून सिलिकॉन फासलं तर भागेल का? जरा लवकर सांगा.

निफाडकर:
अहो दादा, गाडी कुठली, किती जुनी? तेल येतंय कुठून? पुढून ताकद आणणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी, डब्याच्या मागच्या झाकणाला की चाकाच्या आतून? तिन्हींचे इलाज वेगळे.

ओहायोकर:
फोर्ड एफ-१५०, १९९५ ची. दोन लाख दहा हजार मैल झालेत. तेल मध्यभागी ठिबकतंय. सिलिकॉनचं सांगा ना.

निफाडकर:
मग पिनियनचं (शाफ्टच्या टोकाला जोडलेल्या छोट्या गिअरचं) तेल अडवणारं सील गेलंय. माझी पिकअप द्राक्षाचे क्रेट वाहते, दोनदा तेच झालं. शाफ्ट सोडवा, नट काढा, जुनं सील उपटा, नवं ठोका. दोन तासांचं काम.

डेट्रॉइटवासी:
कृपया नटाला हात लावू नका. या ॲक्सलमध्ये (चाकांच्या आसात) पिनियनवर चेपली जाणारी स्लीव्ह असते आणि बेअरिंगवरचा ताण नट किती आवळलाय त्यावर ठरतो. सैल राहिला तर पिनियन हलतं, जास्त आवळला तर बेअरिंग तापून जातं. गळती नक्की कुठे आहे ते कळल्याशिवाय असलं काम काढू नये.

निफाडकर:
मी नटावर आणि शाफ्टवर छिन्नीने खूण करतो, बाहेर किती आटे दिसतात ते मोजतो आणि बरोबर तिथेच आणून थांबतो. चार वर्षं झाली, आवाज नाही की गळती नाही.

डेट्रॉइटवासी:
तुमचा हात बसलाय. यांनी हे काम पूर्वी केलंय असं त्यांनी कुठे म्हटलंय?

सुगरण_डॅलस:
मुलगा वसतिगृहात राहणार असेल तर फ्रिज नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी तिथेच भाड्याने मिळतो. कुकरही चालतो का ते आधी विचारा. माझ्या लेकीचा पहिल्याच आठवड्यात परत आणावा लागला होता.

ओहायोकर:
ताई, कुकरचं विचारतो. पण आधी गाडी. आज बुधवार आहे!

डेट्रॉइटवासी:
तर आत्ता एवढंच करा. डिफरन्शियल ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा मैल जाऊन या. पावडर जिथे ओली होईल तिथून गळतंय. ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला हवा जायची छोटी नळी असते, तीही बघा. ती मातीने बुजली की तेल तापल्यावर आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडतं. आणि दोन्ही मागच्या चाकांच्या आतली बाजू बघा. तिथे ओल असेल तर तेल ब्रेकच्या लायनरवर गेलेलं असू शकतं. मग ट्रेलर जोडायचाच नाही.

ओहायोकर:
जाऊन आलो. शाफ्टचं तोंड कोरडं, चाकंही कोरडी. झाकणाच्या खालच्या कडेला पावडरीचा चिखल झालाय. तिथे गंजाचा फुगवटा होता, स्क्रूड्रायव्हरने दाबला तर टोक आत गेलं! ही गाडी वीस हिवाळे मिठाच्या रस्त्यांवर धावलीय, ते आधीच सांगायला हवं होतं.

निफाडकर:
मग सील चांगलं आहे, माझा अंदाज चुकला. पातळ पत्र्याला भोक पडलं की सिलिकॉन टिकत नाही, झाकणच बदला.

डेट्रॉइटवासी:
हो, झाकणच. पण आधी तेल भरायचं बूच उघडतंय का ते बघा. खाली तेल काढून ठेवलं आणि बूच गंजून बसलेलं निघालं तर गाडी जागेवरच अडकेल. झाकणाला १० बोल्ट असतील तर ८.८ इंची ॲक्सल, त्याचं झाकण सहज मिळतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड बघा. अक्षराने सुरू होत असेल तर लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल) आहे, म्हणजे तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सांभाळणारं रसायन) घालावाच लागेल, नाहीतर वळताना मागून गुरगुर येते. गाडी घोड्यांवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर नको.

चाळीसगावचा_विजय:
मी म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च का? इलेक्ट्रिक पिकअप घ्या, तेल बदलायची कटकटच नाही.

निफाडकर:
विजयभाऊ, इलेक्ट्रिकमध्येही गिअर असतात, त्यांनाही तेल लागतं. आणि शनिवारपर्यंत नवी गाडी आणायची कुठून?

ओहायोकर:
शुक्रवार रात्र. काम झालं. बुचाला आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल पाजून ठेवलं होतं, तरी अर्धा तास हलेना. शेवटी लांब दांडीने सुटलं. तेल काळं आणि उग्र वासाचं, बोटांचा वास अजून गेला नाही. डब्यातल्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप होता, पण धातूचा कण किंवा दाताचा तुकडा नव्हता. कोड एच९, म्हणजे लिमिटेड स्लिप, म्हणून मॉडिफायर घातला. नवं झाकण बसवताना दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ केले, सिलिकॉनची अखंड रेघ ओढली, बोल्ट आलटूनपालटून आवळले आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी तेल भरलं, भोकाच्या कडेच्या किंचित खालपर्यंत. हवेच्या नळीत वाळलेला चिखल होता, तीही मोकळी केली.

४० मैल रिकामी पळवून आणली. खाली पुठ्ठा अंथरलाय, तीन तास झाले, कोरडा आहे. पहाटे निघण्यापूर्वी पुन्हा बघतो.