व्वाझँ बंधूंच्या विमानात पंखांमधले कापडी पडदे कशासाठी होते?

प्रश्न : धरमपेठकर

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीच्या वाचनालयात संक्रांतीच्या आदल्या रविवारी मुलांसमोर विमानांच्या आरंभकाळाविषयी तासभर बोलण्याचे मी कबूल केले आहे. आपल्या मिहान औद्योगिक क्षेत्रात फ्रेंच बनावटीच्या फाल्कन विमानांचे भाग तयार होतात, हे आता नागपूरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. म्हणून राईट बंधूंची नेहमीची गोष्ट बाजूला ठेवून फ्रान्समधल्या पहिल्या विमान कारखान्याविषयी बोलावे, असे मनात आले. वाचताना गाब्रिएल आणि शार्ल व्वाझँ या भावांपाशी येऊन मी थांबलो आहे, कारण त्यांच्या १९०९ च्या विमानाचे छायाचित्र पाहून काही केल्या उलगडा होत नाही. वरच्या आणि खालच्या पंखांच्या मध्ये उभे कापडी पडदे ताणलेले दिसतात, शेपटी तर चक्क चार बाजूंनी बंद केलेली पेटी आहे, आणि विमान डावीकडे-उजवीकडे कलते करण्याची कोणतीही सोय कुठे दिसत नाही. मग हे विमान वळत कसे होते? पडद्यांचा त्याच्याशी काही संबंध होता का? आणखी एक विचारायचे म्हणजे, याला 'पहिला कारखाना' म्हणणे कितपत योग्य ठरेल?

उत्तर : सोनेगाव_निवृत्त

धरमपेठकर, प्रश्न नेमका आहे. शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. नोव्हेंबर १९०६ मध्ये या दोघा भावांनी पॅरिसला लागून असलेल्या बियांकूर येथे स्वतःच्या नावाने कर्मशाळा सुरू केली आणि विमाने बांधून गिऱ्हाइकाला विकणे हाच तिचा धंदा होता. त्यापूर्वी गाब्रिएलने लुई ब्लेरिओ यांच्याबरोबर भागीदारी करून पाहिली होती, पण ती फार टिकली नाही. तेव्हा 'जगातील पहिल्या विमान कारखान्यांपैकी एक' असे मुलांना सांगितलेत, तर कोणी हरकत घेणार नाही.

आता वळण्याविषयी. या विमानात वैमानिकासमोर एक चाक असे. ते पुढे-मागे ढकलले की पुढच्या बाजूचा एलिव्हेटर, म्हणजे आडवी झडप, हलून विमान वर किंवा खाली जाई आणि गोल फिरवले की शेपटीतले सुकाणू फिरे. याखेरीज तिसरे नियंत्रण नव्हतेच. सुकाणू फिरवल्यावर बाहेरच्या बाजूचा पंख आतल्या पंखापेक्षा वेगाने जातो, त्याला उचल अधिक मिळते आणि विमान आपोआप कलू लागते. हा कल वाढत गेला तर तो सावरण्याचा थेट उपाय वैमानिकाच्या हाती नसल्यामुळे त्याला वळण फार मोठे, जवळजवळ सपाटच, घ्यावे लागे, बैलगाडी शेताच्या धुऱ्यावरून वळवतात तसे. त्या वळणात विमान बाजूला घसरू नये, याची जबाबदारी पडद्यांवर आणि पेटीसारख्या शेपटीवर होती. म्हणजे पडदे विमान वळवत नव्हते. वळताना ते घसरू देत नव्हते.

याच पद्धतीने १३ जानेवारी १९०८ रोजी व्वाझँचे गिऱ्हाईक हेन्री फार्मन यांनी इसी-ले-मुलिनो येथील कवायतीच्या मैदानावर व्वाझँ विमानातून एक किलोमीटरची फेरी पूर्ण करून ५०,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. पाचशे मीटरवरच्या खांबाला वळसा घालून परत यायचे होते आणि त्यासाठी १ मिनिट २८ सेकंद लागले. मागे बसवलेले पन्नास अश्वशक्तीचे आंत्वानेत इंजिन, आठ सिलिंडरांचे, लेव्हाव्हासर यांनी रचलेले, पंख्याला थेट जोडलेले होते. राईट बंधूंनी साखळ्यांनी दोन पंखे सावकाश फिरवले. व्वाझँनी साखळ्यांची ती सगळी भानगडच टाळली. त्यात ताकद वाया जात असे, पण बिघडण्यासारख्या वस्तूही कमी होत्या, आणि कारखानदाराच्या दृष्टीने हा हिशेब मला तरी चुकीचा वाटत नाही.

उत्तर : महालचा_पतंगबाज

सरांनी सांगितले ते बरोबरच आहे, पण पडदे मुळात आले कुठून, हे सांगितल्याशिवाय मुलांना गंमत कळणार नाही. ते आले पतंगातून. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८९३ मध्ये पेटीपतंग तयार केला, म्हणजे कामट्यांच्या चौकटीवर कापड गुंडाळून दोन उघड्या पेट्या एकामागे एक बसवल्या. पुढच्याच वर्षी अशा चार पतंगांना लटकून ते स्वतः सुमारे सोळा फूट वर गेले. त्यांनी या रचनेचे पेटंट मुद्दाम घेतले नाही, त्यामुळे ती जगभर मोकळेपणाने वापरली गेली. गाब्रिएल व्वाझँ यांनी १९०५ साली विमानविद्येचे धनिक पुरस्कर्ते एर्नेस्त आर्शदाकों यांच्यासाठी जे ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, बांधले, ते पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यांवर बसवलेला पेटीपतंगच होता. सेन नदीत मोटारबोटीला दोर बांधून त्यांनी तो उडवला. त्याच पतंगाचा दोर काढून त्या जागी इंजिन बसवा, की १९०७ चे विमान तयार झाले असे समजा.

आपल्या साध्या पतंगाची कन्नी जरा चुकली की तो एका बाजूला गोते खातो आणि मग आपण कन्नीला चिंधी बांधतो किंवा शेपूट लावतो. पेटीपतंगाला शेपूट लागत नाही, कारण त्याच्या उभ्या बाजू हवेला आडव्या राहून त्याला सरळ धरून ठेवतात. पण यात एक मेख आहे. समोरून एकसारखा वारा असेल तोवरच या बाजू कामाच्या ठरतात. बाजूने झोत आला की त्याच शिडासारख्या वाऱ्यात भरतात. मी एकदा या विमानाची चार फूट पंखांची प्रतिकृती बांबूच्या कामट्या आणि जिलेटिन कागद वापरून केली होती. सकाळी सहाला ती मैदानावर सरळ रेषेत डौलाने गेली आणि आठ वाजता, वारा सुटल्यावर, आडवी सरकत लिंबाच्या झाडात अडकली. खऱ्या विमानाच्या वैमानिकांनाही हवा पडलेली असतानाच उडणे भाग होते.

उत्तर : अजनीची_वाचक

वरील दोन्ही उत्तरे वाचून ही रचना म्हणजे एक चूकच होती, असा ग्रह होण्याचा संभव आहे, म्हणून थोडा वेगळा सूर लावते. ऑगस्ट १९०८ मध्ये विल्बर राईट यांनी ल मांसजवळ पंख कलते करून जी आखूड वळणे घेतली, ती पाहून व्वाझँचे गिऱ्हाईक असलेल्या देलाग्रांज यांनी आपण हरलो असे मान्य केले, हे खरे आहे. पण राईट यांचे विमान सतत सावरत राहावे लागे, तर व्वाझँ बंधूंना कमीत कमी शिकवणीत कोणालाही उडता येईल असे स्वतःहून स्थिर राहणारे यंत्र विकायचे होते. ते त्यांनी विकलेही. रेमोंद द लारोश या त्यांच्याच विमानावर शार्लकडून शिकल्या आणि मार्च १९१० मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री ठरल्या. मुलींसमोर बोलताना हे नाव कृपया वगळू नये.

प्रतिकृती बनवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. लुई पोलां यांनी विमानांच्या प्रतिकृतींच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले आणि बक्षीस म्हणून त्यांना खऱ्या व्वाझँ विमानाचा सांगाडा मिळाला, इंजिनाविना! मग नातेवाईक-मित्रांच्या मदतीने त्यांनी नोम कंपनीचे इंजिन मिळवून त्यात बसवले आणि १९०९ मध्ये ते नामांकित वैमानिक झाले. पतंगबाज दादा, तुमच्या लिंबात अडकलेल्या प्रतिकृतीला कोणी निदान चाके तरी द्यायला हवी होती.

माझ्या मते त्या भावांचे नुकसान रचनेपेक्षा हट्टाने अधिक झाले. फार्मन यांनी १९०८ च्या शरद ऋतूत आपल्या व्वाझँ विमानाच्या पंखांना स्वतःच एलेरॉन, म्हणजे कल सावरणाऱ्या झडपा, बसवून घेतल्या आणि ३० ऑक्टोबरला बुई ते रँस हे २७ किलोमीटरचे अंतर वीस मिनिटांत कापले. सुधारणा गिऱ्हाइकाने करून दाखवली होती. कारखान्याने ती तत्परतेने उचलली नाही. त्यात भर म्हणून फार्मन यांच्यासाठी बांधलेले एक विमान कारखान्याने मूर-ब्रॅबझन या इंग्रज गृहस्थांना परस्पर विकले. फार्मन चिडले आणि त्यांनी स्वतःच विमाने बांधायला सुरुवात केली. एक गिऱ्हाईक गमावून प्रतिस्पर्धी घडवण्याचे इतके चोख उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

प्रतिसाद : धरमपेठकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. लारोश आणि पोलां ही दोन्ही नावे मी टिपून घेतली आहेत. पुढे या कारखान्याचे काय झाले आणि भारताशी या घराण्याच्या विमानांचा काही धागा जोडता येतो का, एवढे कोणी सांगितले तर भाषणाला शेवट मिळेल.

उत्तर : सोनेगाव_निवृत्त

शार्ल १९१२ मध्ये मोटार अपघातात गेला. पहिल्या महायुद्धात कारखान्याने पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचे, इंजिन मागे असलेले मजबूत विमान दिले. इंजिन आणि पंखा मागे असल्यामुळे पुढची जागा मशीनगन चालवणाऱ्याला मोकळी राही. ५ ऑक्टोबर १९१४ रोजी रँसजवळ फ्रांत्झ आणि केनो या जोडीने व्वाझँमधून मशीनगन चालवून एक जर्मन विमान पाडले; विमानाने विमान गोळीबार करून पाडल्याची ही पहिली घटना मानतात. पुढे ही विमाने मुख्यतः बॉम्ब टाकण्यासाठी वापरली गेली. वेग कमी असल्यामुळे दिवसा ती शत्रूच्या सहज हाती लागत, म्हणून त्यांच्याकडे रात्रीची कामे आली. युद्ध संपल्यावर गाब्रिएलने विमानांचा नाद सोडून मोटारी बांधल्या. त्या मोटारीही दिसायला विलक्षण होत्या, पण तो वेगळा विषय होईल.

भारताचा धागा मात्र नक्की आहे आणि तो वरच्या भांडणातूनच निघतो. वेगळे झाल्यावर फार्मन यांनी एलेरॉन असलेले जे विमान १९०९ मध्ये बांधले, त्याच्यात सुधारणा करून रॉजे सोमे यांनी आपले विमान केले आणि सोमे पद्धतीची विमाने इंग्लंडमध्ये हंबर कंपनीने बांधली. अशाच एका हंबर विमानातून फ्रेंच वैमानिक आंरी पेके यांनी १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. ती जगातील पहिली अधिकृत विमान टपाल ठरली. पडदे तोवर गळून पडले होते, पण इंजिन मागे आणि एलिव्हेटर पुढे, ही ठेवण व्वाझँचीच होती. १९४९ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरातल्या आमच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करू लागली, त्यामुळे नागपूरकराने ही गोष्ट सांगताना पेके यांना विसरून चालणार नाही.

उत्तर : महालचा_पतंगबाज

ताई, चाके पुढच्या खेपेला नक्की! धरमपेठकर, भाषणाच्या दिवशी एक प्रयोग करा. एकाच मापाचे दोन पेटीपतंग बनवा, दोन्हींच्या आडव्या बाजूंवर कापड घट्ट शिवा. उभ्या बाजूंचे कापड मात्र एकाचे शिवा आणि दुसऱ्याचे काढूनच टाका. साध्या सुती दोऱ्यावर, चक्री मोठ्या माणसाच्या हाती देऊन, दोन्ही शेजारी-शेजारी सोडा. मी हे करून पाहिले आहे: उघड्या बाजूंचा पतंग दोऱ्याच्या टोकाला सतत डुलत बाजूला सरकतो आणि दुसरा खिळ्याला टांगल्यासारखा उभा राहतो. वारा जोराचा असेल तर सामान गुंडाळून ठेवा. कामट्या कमी पडल्या तर सांगा, माझ्याकडे जुन्या पतंगांच्या पुष्कळ आहेत.