७० पौंड, ३०० एफपीएस आणि तरी बाण पोटात! धनुष्याच्या शिकारीत स्पीडचा हा नाद कशाला?

झाडावरचा_मुंजा
ऑगस्ट उजाडला की इकडे पेन्सिल्व्हेनियात आमच्या कंपूत एकच कीर्तन, कोणाचं धनुष्य किती एफपीएस, म्हणजे बाण सेकंदाला किती फूट जातो. नवं कंपाउंड (चाकांचं धनुष्य) घ्यायचं, ओढायला ७० पौंड जोर लागेल इतकं आवळायचं, ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) हलका बाण लावायचा, वेग मोजायच्या क्रोनोग्राफवर ३०० दिसलं की गडी खूश. आणि ऑक्टोबरात हाच गडी रात्री अकराला फोन करणार, अरे बाण आरपार गेलाय पण पिसांवर रक्ताऐवजी हिरवट काहीतरी आहे, वास मारतोय, काय करू. काय करणार बाबा, पोटात लागलाय, आता सकाळपर्यंत मागावर जाऊ नकोस, आत्ता हुसकवलंस तर उठून मैलभर जाईल आणि कुणालाच मिळणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. व्हाइटटेलला, म्हणजे इथल्या हरणाला, ७० पौंड लागत नाहीत आणि ३०० एफपीएस तर अजिबात लागत नाहीत. ५५-६० पौंड, ४७५ ते ५०० ग्रेनचा बाण, फिक्स्ड ब्लेडचं ब्रॉडहेड (पक्क्या पात्यांचं शिकारीचं टोक), आणि २५ यार्डांच्या पुढे सोडायचाच नाही.

हिशोब करून बघा. ३५० ग्रेन ३०० ने गेला तर एनर्जी ७० फूट-पौंड. त्याच धनुष्यातून ५०० ग्रेनचा साधारण २५५ ने जातो, एनर्जी ७२. म्हणजे स्पीड गेला पण एनर्जी कुठेच गेली नाही, उलट मोमेंटम ०.४७ चं ०.५७ झालं आणि आत घुसायला तेच कामी येतं. पौंड उतरवले की दोन्हीकडचे आकडे थोडे उतरतात पण हरणाच्या फुप्फुसाला तेवढं रग्गड आहे.

आणि ७० पौंड गॅरेजमध्ये टीशर्टवर ओढणं वेगळं. नोव्हेंबरात २० फुटांवर झाडाला बांधून घेऊन चार तास कुडकुडल्यावर, जाड जॅकेटात, खांदे आखडलेले असताना ओढून बघा. धनुष्य आधी आभाळाकडे जातं, मग कोपर बाहेर, मग गुडघा हलतो आणि तोवर खालची डो (हरणाची मादी) मान वर करून थेट तुमच्याकडे बघत असते. तिने पुढचा पाय आपटला एकदा की कार्यक्रम संपला.

सांगलीकर_कोलंबस
मुंजाभाऊ पोटात बाण लागला तो स्पीडमुळे लागला का? घाई केली म्हणून लागला, हरीण चालत होतं म्हणून लागला. धनुष्याच्या माथी कशाला मारता.

स्पीड मी घेतो तो अंतर चुकतं म्हणून. रेंजफाइंडर आहे हो सगळ्यांकडे, पण बक (नर) डोच्या मागे नाक जमिनीला लावून आला की तो तुमच्या रेंजफाइंडरसाठी उभा राहत नाही. साइटवरची ३० यार्डांची पिन (नेमाची खूण) लावून बसलात आणि तो ३५ वर थांबला तर जड बाण खाली जाणार. हलका फास्ट बाण सपाट जातो, चूक सांभाळून घेतो. आणि फिक्स्ड ब्लेड? वाऱ्यात ते पंखासारखं वळतं. मेकॅनिकल (लागल्यावर पाती उघडणारं टोक) फील्ड पॉइंटसारखं, म्हणजे सरावाच्या साध्या टोकासारखं जातं आणि दोन इंचाचं भोक पाडतं, मग रक्त शोधायला टॉर्च लागत नाही. ओहायोत आम्ही मक्याच्या शेताच्या कडेला बसतो, तिथे २५ यार्ड म्हणून हट्ट धरला तर सीझनभर नुसती खारच दिसेल.

झाडावरचा_मुंजा
"सपाट जातो" हे सगळेच म्हणतात पण किती सपाट ते कोणी मोजत नाही. मी २८० आणि २४० एफपीएस धरून काढलं, हवेचा अडथळा सोडून, पीप (दोरीतलं नेम धरायचं भोक) बाणाच्या साडेचार इंच वर धरून. ३० ची पिन आणि हरीण ३५ वर. २८० चा बाण सव्वातीन इंच खाली, २४० चा साडेचार. म्हणजे ४० एफपीएसने तुम्हाला मिळाला सव्वा इंच! हृदय-फुप्फुसाचा पट्टा आठ इंचाचा धरतात, त्यात सव्वा इंचासाठी खांदे मोडून घ्यायचे? २० यार्डांवर तर हा फरक शोधावा लागेल.

सांगलीकर_कोलंबस
मधोमध लागला तर सव्वा इंच काहीच नाही हो, मान्य. पण मधोमध कोणाचा लागतो दरवेळी? दोन इंच तुमचा हात हलला, एक इंच वारा, वर हे साडेचार. बेरीज करा की. कडेवर आलेल्या बाणाला सव्वा इंच म्हणजे फुप्फुस की मोकळी हवा एवढा फरक आहे.

मिरजेची_वैजू
तुमचं दोघांचं ७० की ६० चाललंय, मी ४६ पौंड आणि २६ इंच ड्रॉ लेंग्थवर (दोरी किती मागे ओढायची ते अंतर) शिकार करते, माझ्याकडे कोणी बघतच नाही 😀 इथे कायद्याने किमान ३५ लागतात, त्यामुळे काही बेकायदा नाही घाबरू नका.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. खोक्यावर जो ३३० का ३४० छापतात तो ७० पौंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो. आपल्या मराठी माणसांत ३० इंच ड्रॉ किती जणांचा? बहुतेक २७-२८ वाले. एक इंच कमी झाला की ढोबळमानाने १० एफपीएस गेले, दोरीवर पीप आणि लूपचं (ओढायच्या फासाचं) वजन आलं की अजून गेले. आणि ती ३० इंचाची हाव सुटत नाही म्हणून लोक ड्रॉ लेंग्थ एक इंच लांबच ठेवतात, मग स्ट्रिंग हाताला घासते, डोकं मागे जातं, मुठीवर पीळ येतो आणि बाण डावीकडे. मग साइट हलवत बसतात. नेम चुकण्यात पौंडांपेक्षा ह्या एका इंचाचा हात जास्त असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

मेकॅनिकलबद्दल सांगलीकर, तुमच्याकडे ७० फूट-पौंड आहेत म्हणून तुम्हाला परवडतं. ब्लेड उघडायलाच ताकद खर्च होते, माझ्याकडे ती शिल्लकच नाही. हरीण तिरकं उभं असलं तर अजूनच. मी फिक्स्डच लावणार.

सातारी_कंपाउंड
मी शिकारी नाही, टार्गेटवाला, सध्या शिकायला न्यू जर्सीत आहे. जरा आगाऊपणा करतो.

वर्ल्ड आर्चरीत कंपाउंडला ६० पौंडांच्या वर परवानगीच नाही. तेवढ्यात ५० मीटरवर ८ सेंटिमीटरचं दहाचं वर्तुळ फोडायचं असतं. २०२३ ला बर्लिनला आमच्या सातारच्या अदिती स्वामीने वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला १५० पैकी १४९ मारले, ओजस देवतळेने तर १५० पैकी १५०. त्यामुळे पौंड वाढवले की नेम सुधारतो हे आमच्याकडे कोणी बोललं तर कोच मैदानाला फेऱ्या मारायला लावेल.

इथल्या रेंजवर शिकारी लोक बघतो. पिन ठिपक्यावर आली रे आली की ट्रिगरला बोट मारतात, फाटकन. बाण सुटायच्या आधीच खांदा दचकतो. हा टार्गेट पॅनिक आहे आणि तो नवीन धनुष्य घेऊन जात नाही. तीन यार्डांवरून डोळे मिटून, साइट काढून, नुसतं पाठीने ओढत बाण सुटेपर्यंत थांबायचं, महिनाभर तेवढंच. कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही.

सांगलीकर_कोलंबस
सातारकर, अदिती आणि ओजसचा आम्हाला सगळ्यांनाच अभिमान, पण टार्गेटचा कागद खाली बसत नाही ना. हरीण बसतं. २५ यार्डांवर स्ट्रिंगचा आवाज त्याच्या कानात ०.०७ सेकंदात पोचतो. ३०० चा बाण ०.२५ ला येतो, २५५ चा ०.२९ ला. मधल्या वेळात ते पळायला म्हणून पाय दुमडतं, म्हणजे अख्खं अंग खाली जातं आणि बाण पाठीवरून निघून जातो. मागच्या वर्षी मी स्वतः बघितलंय, डो २२ यार्डांवर, कान आधीच माझ्याकडे, बाण सुटला तेव्हा बरगडीवर होता आणि पोचला तेव्हा खाली पाठच नव्हती. पलीकडे मातीत घुसलेला, पिसं स्वच्छ. तो फास्ट बाण होता, तुमचा ५०० ग्रेनवाला असता तर ती बसून उठली पण असती!

मिरजेची_वैजू
म्हणजे ३०० ने पण चुकलाच ना 😀

झाडावरचा_मुंजा
वैजूताईंनी काम सोपं केलं. जोडीला एवढंच की जड बाण धनुष्यातली जास्त ताकद घेऊन जातो, मागे थरथर आणि खडखड कमी उरते. हलक्या बाणाचा टण्ण आवाज मला शेजारच्या झाडावरून ऐकू येतो. आवाजापेक्षा फास्ट काही जाणार नाही, तो सेकंदाला ११०० फूट जातो, मग आवाजच कमी करा. आणि कान टवकारलेल्या हरणावर बाण सोडायचाच कशाला? मान खाली घालून चरत असेल तेव्हा, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरून. खाली बसलं तर फुप्फुस, नाही बसलं तर हृदय.

लाकडीच_बरं
चाकं लावलेल्या यंत्रावर केवढी ती चर्चा. कंपाउंडचं पेटंट १९६९ चं, त्याआधी लोक काय पालक खाऊन राहत होते का? ५० पौंडाचं बिनचाकांचं रिकर्व्ह, पिन नाही पीप नाही, १५ यार्ड. तेवढं जवळ जाता आलं नाही तर हरणाला नमस्कार करून घरी यायचं.

सांगलीकर_कोलंबस
काका तुमचा फ्रीजर गेली दोन वर्षं रिकामा आहे हे वहिनींनी सांगितलंय.

पेठेतला_प्रश्न
मी पुण्यातून वाचतोय. इथे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते बरंच झालं म्हणायचं. मुक्या प्राण्यावर बाण टाकून वर एफपीएस मोजताय, लाज नाही वाटत?

झाडावरचा_मुंजा
प्रश्न रास्त आहे, टोमणा नाही. तिथला कायदा तिथल्या जंगलाला योग्यच आहे. इथे लांडगे कधीचे संपले, हरणं जंगलातली कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत, रोज रस्त्यावर गाडीखाली मरून पडलेली दिसतात. किती मारायची ते राज्य ठरवतं, टॅग (शिकारीचा परवाना) मिळतो, धनुष्यावर ११ टक्के एक्साइज लागतो तो वन्यजीवांच्या कामाला जातो. मांस आम्ही खातो, कोल्हापुरी रश्श्यात. ते पटलं नाही तरी चालेल, पण मारायचंच तर दहा-बारा सेकंदांत संपलं पाहिजे, जनावर रात्रभर तडफडायला नको, सगळा वाद त्यावरच तर चाललाय.

पेठेतला_प्रश्न
पटलं नाहीच. चालू द्या.

मिरजेची_वैजू
मुद्द्यावर या. फिक्स्ड ब्लेड वळतं असं सांगलीकर म्हणाले, ते वळतं कारण धनुष्य ट्यून केलेलं नसतं. कागदातून बाण मारा, भोक गोल आणि तीन पिसांच्या तीन चिरा दिसल्या पाहिजेत. शेपूट एका बाजूला फाटली तर रेस्ट (बाणाचा टेकू) हलवा, स्पाइन (बाणाचा ताठपणा) बघा. मग २० यार्डांवर बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणाशेजारी लागतो का बघा. हे झालं की फिक्स्ड आणि फील्ड पॉइंट एकाच जागी लागतात. मेकॅनिकल ही चूक फक्त झाकतं. वाकडा जाणारा बाण बरगडीत वाकडाच घुसतो, पुढे काय लावलंय ह्याने फरक पडत नाही.

सांगलीकर_कोलंबस
ट्यूनिंगचं शंभर टक्के मान्य, मी पण करतो. पण ही जड बाणाची जी लाट आलीय ना ती ॲशबी नावाच्या बाण-संशोधकांच्या टेस्टवरनं आलीय, ते ६५० ग्रेन म्हणतात ते जाड हाडासाठी, त्यांनी आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांवर आणि ऑस्ट्रेलियातल्या पाणम्हशींवर बाण मारून बघितलेत. व्हाइटटेलची बरगडी कशाशी खाणार तिच्यापुढे? म्हशीचं औषध शेळीला द्यायचं नाही. ४२० ग्रेन, ६५ पौंड, मेकॅनिकल, ३५ यार्डांपर्यंत. मी इथून हलणार नाही.

झाडावरचा_मुंजा
६५० मी म्हणालोच नाही, ५०० म्हणालो. पण ७० चे ६५ झाले हे नोंदवून ठेवतो.

नवा_भिडू_एडिसन
सगळ्यांना नमस्कार, यंदा पहिलंच धनुष्य. ६० पौंड, ड्रॉ २८, पुढे १०० ग्रेनचं हेड. स्पाइन ४०० घेऊ की ३४०?

सांगलीकर_कोलंबस
४००. डोळे झाकून.

झाडावरचा_मुंजा
३४०, आणि पुढे १०० ऐवजी १५० लाव.

मिरजेची_वैजू
काहीच घेऊ नकोस. २८ इंच तू मोजलास की दुकानातल्या माणसाने अंदाजाने सांगितलं?

नवा_भिडू_एडिसन
त्याने नुसतं बघून सांगितलं.

मिरजेची_वैजू
मग उद्या परत जा.