म्हैस सोडून गाय, तरी पोट तेच

दूध प्यायलं की पोट फुगतं, या तक्रारीवर वर दोघांनी सुचवलंय की म्हशीचं दूध बंद करून देशी गाईचं ए2 दूध घ्या, त्रास थांबेल. मला हे पटत नाही. ए1-ए2 हा फरक प्रथिनातला. लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि ती गाय असो वा म्हैस, साधारण 5 टक्क्यांच्या आसपास असतेच. लहान आतड्यातलं, ही साखर पचवणारं लॅक्टेज वयानुसार कमी झालं की दोन्ही दुधांनी पोट फुगतं.

मी लहानपणापासून कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध पिणारा. चाळिशीच्या तोंडावर पोटात गुरगुर, गॅस, जुलाब सुरू झाले, तेव्हा मीही सहा महिने महागडं गाईचं दूध घेऊन बघितलं. काडीचा फरक पडला नाही. डॉक्टरांनी श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी करायला लावली, तेव्हा कुठं लॅक्टोज पचत नसल्याचा उलगडा झाला. घट्ट लावलेलं दही आणि ताक मात्र मला चालतं, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच पचवून टाकतात. तुपात तर ते जवळपास नसतंच. खरा घात केला नरसोबाच्या वाडीच्या बासुंदीनं आणि पेढ्यांनी. दूध आटवलं की पाणी उडतं, दुधातली ही साखर तेवढीच राहते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पांढरा रस्सा उगाच सोडू नका हो! आमच्या घरी तो नारळाच्या दुधाचा करतात, त्यात लॅक्टोज नाही. माझ्या मेव्हण्यानं नुसत्या 'दूध' या शब्दाला भिऊन वर्षभर तोंडाला लावला नव्हता.