दुर्खीमची थिअरी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांना लागू पडते का?

एमए_समाजशास्त्र: फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येवरच्या पुस्तकात मांडलं की आत्महत्येचं प्रमाण समाजाच्या घडणीवर ठरतं, आणि गरिबी तर उलट माणसाला आवर घालते म्हणे. मग आपल्याकडे कर्ज, नापिकी यांचं काय? मला हे पटतच नाहीये, कुणी नीट सांगेल का?

यवतमाळकर: गरिबी आमच्याकडे आधीपण होतीच ना. आजोबांच्या वेळी एकाधिकार खरेदी होती, म्हणजे सगळा कापूस सरकारच घ्यायचं, कापसाचा भाव आधी माहीत असायचा, त्या हिशोबाने पोरीचं लग्न ठरायचं. आता बियाणं, फवारणी सगळं उधारीवर आणि भाव बाजारात गेल्यावरच कळणार. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा वडील एकेक बोंड फोडून बघत होते, आत अळी, आणि दुकानदाराचे फोन चालूच. दुर्खीम ज्याला ॲनॉमी म्हणतो, म्हणजे जुने नियम मोडले आणि नवे बसलेच नाहीत, ते मला तरी हेच वाटतं.

सेटवाली: अर्धंच पटलं. ॲनॉमीत बंधनं सुटतात, पण कर्जात माणूस सगळीकडून आवळला जातो. त्यासाठी दुर्खीमचाच आत्महत्येचा चौथा प्रकार आहे, फेटॅलिस्टिक, म्हणजे बंधनंच इतकी की पुढची वाटच बंद, पण त्याने तो एका तळटीपेत उरकला कारण त्याला तो फारसा महत्त्वाचा वाटला नाही. आपल्यासाठी तीच तळटीप महत्त्वाची आहे. आणि मागे राहिलेल्या बाईचं नाव बहुतेकदा सातबाऱ्यावर नसतं, त्यावर पण लिही प्लीज.

एमए_समाजशास्त्र: तळटीप कुठेय?

सेटवाली: ॲनॉमिकचा चॅप्टर संपतो तिथेच, अगदी शेवटी.